पाच सह्यांची याचिका

तासगाव रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना झाला आणि वर्षभरात आमच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं. म्हैस तोंड लावेना. दोन वर्षं तक्रारी केल्या. पोच मिळायची, माणूस यायचा नाही. शेवटी एक वकीलबाई म्हणाल्या, "हायकोर्टात याचिका करू. आता कोल्हापूरला बेंच आलंय, मुंबई गाठायला नको."

आम्ही पाच जणांनी सह्या केल्या.

त्याच आठवड्यापासून भर दुपारी दोघं जण फाटकासमोर मोटरसायकल लावून बसायला लागले. बोलायचे नाहीत. घरात कोण आलं, कोण गेलं, त्याचे मोबाइलवर फोटो काढायचे. तिघांनी नावं काढून घेतली. चौथे शेजारचे अण्णा, चाळीस वर्षांचा घरोबा. तेही अंगणातूनच म्हणाले, "बाई, माझं बी नाव काढा. का ते इचारू नका." पाणीसुद्धा न घेता गेले.

मग फोन आला. आवाज अगदी आदबशीर. "बाई, तुमची सून साडेआठच्या एसटीनं सांगलीला जाती न्हवं? जपून जायला सांगा."

मुलगा सैन्यात, सीमेवर. सून सांगलीच्या दवाखान्यात नर्स. ती परतल्यावर मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उद्या मीही नाव काढते."

पायातल्या चपला तशाच ठेवून ती दारात उभी राहिली. म्हणाली, "आई, तुमी काढू नका. तुमच्याखाली माझं घाला."

सुनावणी दहा मिनिटांची. कागद चाळता चाळता न्यायमूर्ती थांबले. "इथं पाच नावं होती. चार कुठं गेली?"

वकीलबाईंनी फोनचं सांगितलं. पाणी तपासा आणि या दोघींना पोलीस संरक्षण द्या, असा आदेश झाला.

नमुने घ्यायला अधिकारी आले, तेव्हा कारखान्याचा एक माणूस बरोबर होता. हात जोडून म्हणाला, "बाई, तुमाला लय तरास झाला." तोच आवाज. मी विहिरीच्या कठड्याला घट्ट धरलं.

अहवाल आला, कारखान्याचा सांडपाण्याचा पाईप बंद झाला. पण पाणी अजून पिण्याजोगं नाही आणि अंतिम निकालही बाकी आहे. अण्णा रस्ता बदलून जातात. आमच्या दाराशी बसवलेला पोलीस पंधरा दिवस होता. आता तिथं रिकामी खुर्ची आहे.