तीनशे अकरा जणांची यादी

ऑफिसात तिला सगळे 'पट्टी' म्हणायचे. स्क्रीनवरचा एखादा चौकोन केसभर सरकलेला असला तरी तिच्या डोळ्यांत खुपायचा. तिची कंपनी परदेशातल्या इन्व्हेस्टमेंट बँकर्सना सादरीकरणं बनवून द्यायची. कोणी कोणाची कंपनी विकत घ्यावी, हे ते बँकर ठरवणार आणि त्यांच्या त्या शहाणपणाच्या स्लाइड्स सरळ करणार पट्टी. एकदा आकड्यांचा अख्खा तक्ताच चुकलेला आला. तिने चूक कळवली, तर उत्तर आलं, 'तुम्ही फक्त रंग बघा.' तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आता त्या बँकरच्याच खुर्चीत जाऊन बसायचं, परदेशात जाऊन फायनान्समध्ये मास्टर्स करायचं, हे तिने त्या दिवशी ठरवलं.

कॉलेज मात्र तिने रागाच्या भरात निवडलं नाही. प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटी 'आमची टीम' असं एक पान असतं, फोटोखाली शिक्षण लिहिलेलं. ती पानं तिच्याच हातून जायची. बँकेत नवीन लागलेल्यांनी कुठला कोर्स केलाय, एवढंच ती टिपून ठेवायची. चार वर्षांत तीनशे अकरा जण जमले. त्यांत जगभर नाव असलेल्या विद्यापीठाच्या दहा महिन्यांच्या कोर्सचे चार जण होते आणि कोणाला फारसं माहीत नसलेल्या एका कॉलेजच्या दीड वर्षाच्या कोर्सचे एकोणतीस. कारणही साधं होतं. बँका बहुतेक करून उन्हाळ्यात इंटर्नशिप केलेल्यांनाच घेतात, आणि दहा महिन्यांत मधला उन्हाळा येतोच कुठे? पट्टीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. कोणत्या कॉलेजला होकार द्यायचा, हेही पक्कं होतं.

पण घरात शब्द चालायचा तो भावोजींचा.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा, त्याच नामांकित विद्यापीठाचा त्याच दहा महिन्यांचा पदवीधर. बारा वर्षांपूर्वीचा त्यांचा गाऊनमधला फोटो बाबांनी हॉलमध्ये लावला होता. स्वतःच्या मुलींचा एकही नव्हता. भावोजी सध्या एका विमा कंपनीत मॅनेजर होते आणि तिकडची मोठी नोकरी आईवडिलांसाठी सोडून आलो, असं जेवायला बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. पट्टीने निर्णय सांगितला तेव्हा ते हसले.

"स्लाइड्सना रंग देऊन बँकिंग कळत नाही गं. तुझ्या त्या कॉलेजचं नाव सांगितलं तर लोक विचारतील, हे कुठेशी आलं?"

"मला लोकांकडे नोकरी मागायची नाहीये, भावोजी."

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शुक्रवारी पाचपर्यंत होकार कळवायचा होता. गुरुवारी पट्टीने त्या कॉलेजच्या साइटवरचं आपल्या अर्जाचं पान उघडलं, तर तिथे लिहिलेलं: 'आपण हा प्रवेश नाकारला आहे.' शाळेच्या निकालापासून वीजबिलापर्यंत या घरातलं सगळं बाबांच्या ईमेलवर यायचं. तिनेही सवयीने अर्जावर तोच पत्ता दिला होता, आणि पासवर्ड बाबांच्या अक्षरात कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता.

"जावईबापूंनी केलं. म्हणाले, तुझ्या भल्याचंच आहे," बाबा वर्तमानपत्राआडून पुटपुटले.

पट्टीने कॉलेजला फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं, मुदतीच्या आत, ज्याने बटण दाबलं त्याच्या सहीचं पत्र पाठवा, मग बघू.

शुक्रवारी दुपारी ताई आणि भावोजी आले. पट्टीने कागद आणि पेन त्यांच्यापुढे आदळलं.

"लिहा. मी तिला न विचारता नकार कळवला, असं लिहा."

"मी? माफीनामा? तुझी अक्कल ठिकाणावर आहे का?" भावोजी ओरडले. "मी तिथे शिकलोय, मी तिथे नोकरी—"

"अहो, लिहा," ताई दारातून म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "एकशे साठ अर्ज केले होतेत तुम्ही तिथे. नकाराची पत्रं माझ्या कपाटात आहेत, लग्न झाल्यापासून. आणू का इथे?"

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. भावोजींचा चेहरा उतरला. पट्टीला आनंद झाला, अगदी उघड, दुष्ट आनंद झाला. त्यांनी पेन उचललं, चार ओळी खरडल्या, सही केली. मग टेबलावर पडलेली तिची यादी ओढून घेतली आणि बराच वेळ वाचली.

"एकोणतीस," ते म्हणाले. "यात नोकरी मिळालेलेच आहेत. तुझ्या त्या कॉलेजातून माझ्यासारखे किती परत आले, ते कुठे लिहिलंय?"

पट्टीची नजर यादीवरून फिरली. ज्यांना नोकरी लागली नाही त्यांचा फोटो कुठल्या टीमच्या पानावर येणार? चार वर्षं डोळ्यांत तेल घालून तिने ही यादी केली होती, आणि एवढी साधी गोष्ट तिला या माणसाने दाखवावी, याचा तिला मनस्वी संताप आला.

"ते माझं मी बघेन," ती म्हणाली आणि पत्राचा फोटो काढून पाठवून दिला.

साडेचारला उत्तर आलं. जागा तिची होती. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं, पण अभिनंदन कोणीच केलं नाही. भावोजी चहा न घेता उठले. ताई त्यांच्या मागोमाग गेली, आणि जाता जाता पट्टीला म्हणाली, "आता मला घरी काय ऐकावं लागेल, ते तू तिकडे गेल्यावर फोन करून विचारू नकोस."

दार लागलं. पट्टीने यादी पुढे ओढली आणि शेवटी एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'परत आले'. नामांकित विद्यापीठापुढे तिने एक हा आकडा घातला. स्वतःच्या कॉलेजपुढे पेन टेकवलं, उचललं आणि ती जागा कोरी ठेवली.