पाच ओळींचा फळा

आमच्या काकांनी ज्याच्या खांद्यावर शाल घातली नाही असा माणूस गिरगाव ते परळ या पट्ट्यात आता शिल्लक नाही, आणि असलाच तर तो गेल्या आठवड्यात राहायला आलेला असणार. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांचा धंदाच सत्काराचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फेटा, समई आणि गरज पडली तर व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत बसायला गंभीर चेहऱ्याचा एक इसम, असा सगळा संच गिरगावातल्या त्यांच्या दुकानातून निघत असे. तो गंभीर इसम बहुतेक वेळा मीच असे, कारण मी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, काका दुसऱ्या मजल्यावर आणि दुकान खाली, त्यामुळे हाक मारली की मला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. "चार मराठी माणसं एकत्र आली की पाचव्याचा सत्कार करतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे," असं काका म्हणत, आणि त्या विश्वासावर त्यांचा संसार चाळीस वर्षं व्यवस्थित चालला होता.

धंदा इतका अंगात मुरलेला की नवीन माणसाशी ओळख करून दिली की काका त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नसत, खांद्यांकडे बघत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायला त्यांना मोठ्या मानानं नेलं होतं. पोहे झाले, गप्पा झाल्या, सगळ्यांनी त्यांच्याकडे अपेक्षेनं बघितलं, तर म्हणाले, "खांदे चांगले आहेत. शाल घसरणार नाही." ही गोष्ट माझ्या बायकोनं अजून त्यांना माफ केलेली नाही. दात काढून घेतला तेव्हा तोंडात कापूस असतानाही त्यांनी दातांच्या डॉक्टरांच्या हाती नारळ ठेवला होता. भाषणाच्या बाबतीत मात्र त्यांचा कायदा कडक. दीड मिनिट. "त्याच्या वर गेलं की शालीत घाम येतो, आणि घाम आला की माणसाला आपलं मोठेपण नकोसं होतं." दुसरा कायदा त्याहून कडक: स्वतः कधी शाल घ्यायची नाही. किती मंडळांनी प्रयत्न केले! काका हात जोडून व्यासपीठावरून मागच्या मागे उतरून जात. "मी शाल घालणारा. मी घेणारा झालो की दुकान बंद झालं समजा," असं त्यांचं म्हणणं.

पण काकांचं खरं दैवत म्हणजे दुकानातला फळा. शाळेतल्यासारखा काळा, लाकडी चौकटीचा, आणि त्यावर पांढऱ्या रंगानं कायमचे आखलेले पाच आकडे. आज काय महत्त्वाचं ते पाच ओळींत. सहावं काही उपटलं की आधी एक ओळ ओल्या फडक्यानं पुसायची, मगच ते लिहायचं. खडूला हात फक्त काकांनी लावायचा. "धंदा बुडतो तो काम नसल्यानं नाही रे, सहाव्या ओळीनं बुडतो," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत सांगेन. एकदा दुकानातला पाण्याचा मोठा पाइप फुटला. घोट्याएवढं पाणी, शालींचे गठ्ठे तरंगायच्या बेतात, आणि काका स्टुलावर चढून शांतपणे फळ्यावर लिहितायत: एक, शाली वर. दोन, नारळ तरंगू द्या. तीन, प्लंबर. चौथ्या ओळीला काय लिहावं याचा विचार करेपर्यंत मावशीनं पदर खोचून मेन कॉक बंद केला होता आणि अर्धं पाणी रस्त्यावर ढकललं होतं. "मी कितव्या नंबरला होते?" तिनं विचारलं. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "पाच. पण लिहायचं राहिलं." संसारात आपण तिसऱ्या ओळीच्या वर कधी गेलो नाही, हे मावशी सगळ्यांना हसत हसत सांगायची. त्यात हसणं किती होतं ते मी कधी मोजलं नाही.

आणि मग टाळेबंदी आली. सगळे धंदे अडचणीत होते, पण सत्काराच्या धंद्याइतकी गंमत कुणाचीच झाली नसेल. चार माणसं जमणंच बंद, तर पाचव्याचं काय करणार! दुकानात तीनशे नारळ, शालींचे दोन भलेमोठे गठ्ठे, आणि नावं कोरून तयार असलेली चाळीस सन्मानचिन्हं. सगळी निवृत्तीची, कारण मार्च ते मे हा निवृत्तीचा हंगाम. ज्यांनी ती सांगितली होती त्या कचेऱ्या बंद, समारंभ रद्द. पदरी माणसं तीन. नावं कोरणारे कांबळे, नायगावच्या बीडीडी चाळीतले. फेटे बांधणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या लालबागच्या नलूताई. आणि टेम्पोवाले परब, भोईवाड्याचे. तिघांनाही काकांनी फोनवर सांगून टाकलं, "कुणाला काढणार नाही. फळा माझ्याकडे आहे." फळा घरी आणून देवघराच्या समोर टांगला होता.

पहिली ओळ अर्थातच नारळ, कारण ते आधी खराब होणार. पुढचा महिनाभर आमच्या इमारतीनं जे नारळ खाल्ले, त्याला तोड नाही. खोबऱ्याच्या वड्या, चटणी, सोलकढी, नारळीभात, आणि शेवटी शेवटी नुसतंच खोबरं. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर दाराला पाटी लावली: नारळ मिळाला, धन्यवाद. मग काकांनी नारळ पुसून शाली वर घेतल्या. शालींचे मास्क! गठ्ठा परबांच्या टेम्पोतून लालबागला गेला (परबांना भाजी पोचवायचा पास मिळाला होता) आणि नलूताईंनी शंभर मास्क शिवून पाठवले, जरीच्या काठासकट. दिसायला राजेशाही. फक्त त्यातून श्वास घेता येत नसे. मी एक लावून वाण्याकडे गेलो तर त्यानं मला रांगेत पुढे घेतलं, पण काय हवं ते सांगेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. नलूताईंनी फोनवर सरळ सांगितलं, "काका, ह्यात माणूस मरेल, पण जाताना भारी दिसेल." मग आली सॅनिटायझरची ओळ. चार बाटल्या नमुना म्हणून आल्या. काकांनी रीतसर उद्घाटन ठरवलं, समई काढली, हातांना भरपूर सॅनिटायझर चोळला आणि दीपप्रज्वलनासाठी काडी ओढणार एवढ्यात मावशीनं काडेपेटी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. ती ओळ त्याच दिवशी पुसली गेली.

या सगळ्या धामधुमीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. फळ्याच्या पाचव्या ओळीत, बारीक अक्षरांत, काकांनी लिहिलं होतं: जागेचा विचार. नाक्यावरच्या औषधवाल्याला दुकानाची जागा हवी होती, आणि त्याचा अधूनमधून फोन यायचा. वरची एकेक कल्पना फसून पुसली गेली की ही ओळ एक घर वर सरके. नारळ संपले, ती चौथी झाली. मास्क बोंबलले, तिसरी झाली. सॅनिटायझरनंतर दुसरी. अक्षरही आता बारीक राहिलं नव्हतं. काका माझ्याशी बोलताना विनोद करत, पण फळ्याकडे पाठ करून बसत. दुकान गेलं तर कांबळे, नलूताई आणि परब या तिघांना कुठल्या तोंडानं सांगायचं, हे त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.

मावशीला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती रोज सकाळी देवाला फुलं वाहताना फळा वाचायची आणि आपल्या कामाला लागायची. एके दिवशी कांबळ्यांचा फोन आला, काका आंघोळीला गेले होते म्हणून तिनं घेतला. कांबळे म्हणाले, "वहिनी, मला झोप नाय लागत. ती चाळीस नावं मी कोरून ठेवलीयत. पस्तीस पस्तीस वर्षं नोकरी केली माणसांनी, आणि शेवटच्या दिवशी कुणी टाळी पण नाय वाजवली. नुसते घरी बसले. ती नावं तिथं धूळ खातायत, ते बरं नाय वाटत." मावशीनं फोन ठेवला. मी तेव्हा चहाच्या निमित्तानं तिथंच होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. तिनं ओलं फडकं घेतलं, फळा वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसला आणि खडू उचलला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पहिल्या आकड्यापुढे लिहिलं: नावं पोचवा. बाकीच्या चार ओळी तशाच रिकाम्या ठेवल्या.

काका पंचा गुंडाळून बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझी दुसरी ओळ कुठाय?"

"पुसली. ती पहिली व्हायची वाट बघू का?"

काकांनी ती एकच ओळ दोनदा वाचली. मग त्यांचे डोळे चमकायला लागले, आणि ते चमकले की माझा दिवस गेलाच म्हणून समजावं. "अरे, माणसं जमू शकत नाहीत," ते ओरडले, "पण गॅलऱ्या आहेत ना! प्रेक्षक आधीच जागेवर बसलेत!"

थोडी ढील मिळाल्याबरोबर आम्ही निघालो. परबांचा टेम्पो, त्यावर कर्णा, मागे काका, कांबळे आणि गंभीर चेहऱ्याचा मी. पहिलं नाव नायगावच्या एका बस कंडक्टरचं. चाळीच्या मधल्या अंगणात टेम्पो लावला. कर्ण्यावर पुकारा झाला तशा चारी बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या. हे गृहस्थ दुसऱ्या मजल्यावर बनियन आणि लेंग्यात दाढी करत होते, ते अर्धी दाढी तशीच ठेवून कठड्याशी आले. वरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. कांबळ्यांनी तिच्यात शाल, नव्यानं आणलेला नारळ आणि सन्मानचिन्ह ठेवलं, आणि टोपली हळूहळू वर निघाली. अख्खी चाळ तिच्याकडे बघत होती. मी मोजून दीड मिनिट बोललो. बायकोनं बनियनवर शाल पांघरली तसा तो माणूस ताठ झाला, गालावरचा फेस पुसला, आणि तीस वर्षांच्या सवयीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "चला, पुढे सरका! अंतर ठेवून पुढे सरका!" चाळ हसून हसून कोसळायची बाकी राहिली. टाळ्या थांबेनात. परब स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाले, "ह्यां बेस झालां, काका."

चाळीसच्या चाळीस नावं पोचली. माटुंग्याच्या एका कॉलनीत तर टोपली चुकून शेजारच्या गॅलरीत गेली. त्या गृहस्थांनी शाल पांघरली, आभाराचं भाषण दहा मिनिटं केलं आणि शेवटी सांगितलं की मी अजून नोकरीत आहे, निवृत्त झाले ते बाजूचे. काकांनी शाल परत मागितली नाही. "घातलेली शाल उतरवायची नसते," म्हणाले, आणि बाजूच्यांना दुसरी पाठवली. तोवर लोकांचेच फोन यायला लागले होते. आमच्या आईनं तीन महिने दहा माणसांचा स्वयंपाक केला, तिचा करा. आमच्या झाडूवाल्याचा करा. आमच्या मुलाची दहावी घरातच संपली, त्याचा करा. नलूताई पुन्हा फेटे बांधायला लागल्या, कांबळ्यांना नावं कोरायला दिवस पुरेना. औषधवाल्याचा फोन आला तर काकांनी त्याच्याच खांद्यांची मापं विचारली. जागेचा विचार ही ओळ पुन्हा फळ्यावर आली नाही.

आता काकांचे गुडघे जिने उतरू देत नाहीत. दुकान ती तिघंच बघतात आणि उत्तम बघतात. काका दिवसभर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून खाली सूचना देतात, त्यातली एकही कुणी पाळत नाही. मागच्या महिन्यात एका सकाळी खालून कर्ण्याचा आवाज आला. बघतो तर टेम्पो दारात, आणि तिघंही ठेवणीतले कपडे घालून उभे. काकांनीच सवयीनं टोपली खाली सोडली. त्यांना वाटलं कुणाचं काही वर यायचंय. वर आली ती शाल, नारळ आणि एक सन्मानचिन्ह. त्यावर काकांचं नाव. कांबळ्यांनी ते टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यातच घरी कोरून ठेवलं होतं. दुकान बंद झालं तर निदान एवढं तरी द्यायचं, म्हणून. आणि बंद झालं नाही, म्हणून ते इतकी वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून राहिलं होतं. मी भाषण सुरू केलं. बाजूच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. आता तरी काका मान वाकवतील असं मला वाटलं.

काकांनी शाल उलगडली, काठ हातानं सारखे केले, आणि वळून मागे उंबऱ्यात उभ्या असलेल्या मावशीच्या खांद्यावर ती घातली. मावशी म्हणाली, "अहो, हे काय!" काकांनी सन्मानचिन्ह पुन्हा टोपलीत ठेवलं, दोरी खाली सोडली आणि कठड्यावरून वाकून ओरडले, "कांबळे, नाव चुकलंय! हिचं कोरा. त्या दिवशी खडू हिनं उचलला होता."

खाली नलूताईंनी पदर डोळ्यांना लावला. मी भाषण पुढे सुरू केलं, तर काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू, दीड मिनिटाच्या वर गेलास."

मावशीच्या नावाचं ते चिन्ह आता देवघरासमोर, फळ्याच्या खाली उभं आहे. पुसायला एक वस्तू वाढली म्हणून मावशी कुरकुर करते आणि रोज पुसते. फळा अजून तिथंच टांगलेला आहे. आता त्यावर काकांच्या गोळ्यांच्या वेळा असतात, आणि पहिल्या ओळीत तिचं नाव. शाल न घेतलेला माणूस गिरगाव ते परळ या पट्ट्यात एकच उरला आहे. तो गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खांदे बघत असतो, आणि त्यानं ती कधीच घेऊ नये, असं हल्ली मला फार वाटतं.