आठ हजार की पिल्लू

किल्लीवाल्याला कुठलंही कुलूप उघडता यायचं, स्वतःचं तोंड तेवढं उघडता यायचं नाही. चौकातल्या त्याच्या टपरीवर माणसं धापा टाकत यायची. कुणाची किल्ली घरात राहिलेली, कुणाची गटारात पडलेली. हा हातातला चहा तसाच ठेवून निघायचा, तीन-तीन जिने चढायचा, दार उघडून द्यायचा, आणि "किती झाले?" असं विचारलं की मान खाजवत म्हणायचा, "द्या काय द्यायचे ते." लोकही मग काय द्यायचे तेच देत. पैसे मागणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं, अशी त्याची पक्की समजूत होती. बायको घरी शाळांचे गणवेश शिवायची, आणि घर चालायचं ते तिच्या मशीनवर.

त्यांच्याकडे कुत्राही असाच आला होता. एका घरमालकानं सगळ्या खोल्यांची कुलपं बदलून घेतली आणि पैशांच्या जागी लॅब्रॅडोरचं पिल्लू याच्या कुशीत देऊन मोकळा झाला. बायकोनं कपाळावर हात मारला आणि पिल्लाचं नाव ठेवलं हप्ता. "बाकीचे हप्ते कधी येतात बघू," ती म्हणाली. ते अर्थातच आले नाहीत.

पण हप्ता मोठा झाला तो असा देखणा, की लस टोचता टोचता प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "याच्यासाठी एक चांगलं स्थळ आहे. बघता का?"

स्थळ म्हणजे मागच्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची कुत्री. याच जातीची, तशीच गोरीपान. डॉक्टरांनी रीत समजावून सांगितली. नराच्या मालकाला मोबदला असतो. एक तर रोख आठ हजार, नाही तर होतील त्या पिल्लांतलं पहिलं पिल्लू, तो निवडेल ते.

आठ हजार म्हटल्यावर शेजारी औषधं पिशवीत भरणाऱ्या बायकोचा हात थांबला. कापडाच्या कडा शिवायला तिला एक ओव्हरलॉक मशीन हवं होतं. ते नव्हतं म्हणून शाळांचं मोठं काम दरवर्षी दुसरीकडे जायचं आणि हिच्या वाट्याला उरलेसुरले गणवेश यायचे. जुनं मशीन साधारण तेवढ्यात मिळत होतं.

"आता ऐका," घरी आल्यावर ती म्हणाली. "आपण मुलाकडचे. मान खाली घालायचं काही कारण नाही. आणि या वेळी मी एक अक्षर बोलणार नाही. आकडा तुम्ही सांगायचा."

बघण्याचा कार्यक्रम झाला. कुत्र्यांनी एकमेकांना तत्काळ पसंत केलं. माणसांचंच घोडं अडलं. डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "दादा, मोबदल्याचं कसं करायचं?" किल्लीवाल्याचा हात मानेकडे गेला. "अहो, द्या काय..." एवढं ऐकताच प्राण्यांचे डॉक्टर वैतागले. "पिल्लं झाली की रोख हवेत की पिल्लू, ते हे सांगतील. ठरलं." बाईंनी मान डोलावली. बायको कबूल केल्याप्रमाणे गप्प राहिली, मात्र पुढचे दोन दिवस तिच्या वतीनं भांडी बोलत होती.

चार-सहा पिल्लं तरी होतील, असं सगळेच धरून चालले होते. झालं एकच.

पिल्लाचं आईचं दूध सुटलं तसा डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, या आणि ठरवा. नवरा-बायको दोघं निघाले, पण फाटकापाशी बायको थांबली. "मी वर आले तर मीच बोलेन," ती म्हणाली. तो एकटाच जिना चढला.

वर खोलीत एका टोपलीत धुतलेली चादर घालून पिल्लू तयार ठेवलं होतं. शेजारी त्याची वाटी आणि खाण्याची पुडी. जमिनीवर बाईंची गादी अजून पसरलेलीच होती. इतके दिवस त्या पिल्लापाशीच झोपत होत्या, हे सांगावं लागत नव्हतं. कुत्री टोपलीवर हनुवटी टेकून बसली होती. बाई हसल्या, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"एकच झालं, पण पहिला हक्क तुमचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही आकडा सांगितला नाहीत, तेव्हाच मी ओळखलं तुम्हाला पिल्लू हवंय."

किल्लीवाल्याचा जीव कळवळला. "राहू द्या ताई," तो घाईनं म्हणाला. "मला काही नको."

"असं कसं? मी फुकट काही ठेवून घेत नाही. पैसे नको म्हणता, तर याला न्या. शब्द तो शब्द." आणि बाईंनी टोपली उचलून खरंच त्याच्या हातात दिली. कुत्री उठून उभी राहिली आणि दारापर्यंत त्याच्या मागे आली.

दारात तो थबकला. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की न मागणं म्हणजे समोरच्यावर माया करणं. आज त्याच्या न मागण्यानं एक पिल्लू आईपासून तुटत होतं आणि एक बाई ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत होती. त्यानं टोपली खाली ठेवली.

"आठ हजार," तो म्हणाला.

"काय?"

"पिल्लू नको. आठ हजार द्या. ठरल्याप्रमाणे." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर पुरतं उघडावं म्हणून त्यानं पुढे जोडलं, "रोख."

बाईंनी टोपलीतलं पिल्लू उचललं आणि त्या मटकन गादीवर बसल्या. पिल्लाला छातीशी धरून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. कपाट उघडायला गेल्या तेव्हाही पिल्लू काही खाली ठेवलं नाही. एका हातानंच नोटा मोजल्या.

खाली बायकोनं त्याचे रिकामे हात पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "आलात ना सोडून? पिल्लूही नाही अन् पैसेही नाहीत."

त्यानं खिशातून नोटा काढून तिच्या हातात ठेवल्या. तिनं फाटकापाशी उभ्या उभ्याच मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"आकडा कुणी सांगितला?"

"मी."

तिनं नोटा कमरेला खोचल्या. मग तिलाच काळजी वाटायला लागली. "विहीणबाईंना वाईट नाही ना वाटलं?"

"रडल्या."

"अगं बाई. पैसे मागितले म्हणून?"

"हो," तो म्हणाला, "मागितले म्हणून." आणि मशीनवाल्याचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं, म्हणून तो तिच्यापुढे झपाझप चालायला लागला.