विहीणबाईंच्या ओसरीवरची कादंबरी

श्री कुणकेश्वराच्या चरणी मस्तक ठेवून, आज माझ्या विहीणबाईंच्या कादंबरीची हस्तलिखित वही हाती आली, त्या निमित्ताने हे लिहितो. क्रोधाने बुद्धी झाकोळते, असे मी जन्मभर प्रवचनांतून सांगत आलो. या बाईंची बुद्धी मात्र क्रोधावाचून उजळतच नाही.

त्या निवृत्त शिक्षिका. तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहितात, आणि त्याही इतक्या चिडून की अक्षरे मागच्या तीन पानांवर बोटाला लागतात. एका मासिकातल्या गोष्टीत नाठाळ मुलगा शेवटी आईचे पाय धरतो, हे वाचून त्यांनी ते मासिक नारळाच्या आळ्यात पुरले. माझ्या सत्कारात वक्त्याने मला ‘शांतमूर्ती’ म्हटले, तेव्हा दुसऱ्या रांगेतून यांचाच आवाज आला, “सोलकढीत मीठ कमी पडू दे, मग बघा मूर्ती!”

त्यांची लिहिण्याची रीत आणखीच विलक्षण. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणे घालताना एक जण मागणे उच्चारतो आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. विहीणबाई आठवी-नववीच्या मुलांना ओसरीवर बसवून कादंबरी अशीच वाचतात. वाक्य खरे वाटले तर मुलांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. खोटे वाटले तर गप्प राहायचे. मुले गप्प राहिली की ते वाक्य खोडले जाते. देवाची रीत अशी वापरलेली पाहून मी प्रथम ‘शिव शिव’ म्हटले होते.

यंदाच्या कादंबरीत एका मुलीचा बाप मासेमारीला जातो आणि परत येत नाही. संपादकांनी कळवले, “कोवळ्या मनांसाठी शेवटी बाप परत यावा, तरच छापू.” विहीणबाईंनी ते पत्र चुलीत घातले. पुस्तक अडू नये म्हणून मीच एक शेवट लिहिला. नारळी पौर्णिमेला होडी किनाऱ्याला लागते, असा.

“वाचा ओसरीवर,” एवढेच त्या म्हणाल्या.

मी वाचू लागलो. सागराच्या वर्णनाला सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. बापाने वाळूवर पाऊल ठेवले, आणि ओसरी गप्प झाली. ऐकू गेले नसेल असे समजून मी वाक्य पुन्हा, अधिक सुस्वर वाचले. तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. तिच्या बापाची होडी दोन वर्षांपूर्वी विजयदुर्गाहून निघाली होती.

“माजो बापूस खंय इलो, आजोबानू?” डोळे कोरडे, आवाज मात्र धारदार. “दोन वर्सां सगळे सांगतत, येतलो, येतलो. एकान तरी खरां सांगा!”

त्या सगळ्यांत मीही होतो. आमच्या वाडीतल्या देवळात दर सोमवारी तिच्या हातावर तीर्थ घालताना ‘येईल हो, बाळ’ असे मीच म्हणत आलो होतो.

“व्याहीबुवा,” विहीणबाई कडाडल्या, “देवाच्या दारात खोटं बोललात, ते देव बघून घेईल. माझ्या पुस्तकात चालायचं नाही!”

त्या दिवशी मलाही संताप आला, आणि अजून तो उतरलेला नाही. मुलांना दुःख सोसत नाही, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांच्याकडे पाहून खरे बोलणे आपल्याला सोसत नाही, आणि या भित्रेपणाला आपण वात्सल्य म्हणतो! मी माझे पान फाडले. संपादकांना शेवट बदलणार नाही, असे कळवले. हस्तलिखित परत आले. आता ते छापले जाईलसे वाटत नाही. मुलेच वह्यांत उतरवून घेतात. आज आलेल्या वहीतले शेवटचे प्रकरण त्याच मुलीच्या अक्षरात आहे.

गेल्या सोमवारी तिने तीर्थासाठी हात पुढे केला. मी नुसतेच तीर्थ घातले.

“आज काय सांगूचा नाय, आजोबानू?”

“नाही, बाळ. तो येईल, असं मला वाटत नाही.”

तिने तीर्थ घेतले, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पायरीवर बसून पहिल्यांदाच रडली. विहीणबाई दर्शनाला आल्या होत्या. जन्मात प्रथमच त्यांना रागवायला काही सापडले नाही. त्या तिच्या शेजारी बसल्या.

बा देवा म्हाराजा, ज्या घरात हे वाचले जाईल तिथल्या लेकरांना खरे ऐकण्याचे बळ दे, थोरांना खरे सांगण्याचे धैर्य दे. आणि त्या घरातून आज जो कोणी समुद्रावर गेला असेल, त्याला सुखरूप परत आण.