सरळ बोट

"बोट वाकडं करा आधी!"

मावशी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. सायखेड्याहून मुलाच्या टेम्पोतून भाजी आणून त्या नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या फाटकाशी बसायच्या. मी नवाकोरा कॅमेरा गळ्यात अडकवून पाण्याच्या टाकीमागच्या शिरीषावरचे पोपट बायकोला बोटाने दाखवत होतो. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की ती कुजते, असं लहानपणी तुम्हालाही कोणी दटावलं असेल. मावशींनी तोच कायदा पोपटांना लावला होता. चुकून बोट सरळ झालंच तर ते दाताखाली धरायचं.

शिरीषाच्या ढोलीतली मादी त्यांचीच होती. पोपटाला मैना म्हणणाऱ्या त्या एकट्याच. नवऱ्याने हौसेने आणलेली मैना नऊ वर्षं पिंजऱ्यात होती. तो वारल्यावर मावशींनी ती सोडायचं ठरवलं.

"गावात मांजरं लय. म्हणून हितं आणून सोडली. दोन दिवस फाटकावरच बसून व्हती येडी. मग गेली थव्यात."

डाव्या पायाच्या वाकड्या नखीवरून त्या तिला ओळखायच्या. माझ्या कॅमेऱ्याला त्या दुर्बीण म्हणत. रोज विचारत, "साहेब, दुर्बिणीत पिलं दिसली का? नऊ वर्षं कोंडली मी तिला. तिचं एक पिलू उडालेलं बघितलं, की मी सुटले."

एका सकाळी ढोलीतून दोन बोडकी डोकी बाहेर आली. फोटो पाहून मावशींनी मला कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. पण माझी कौतुकाची हौस एका जुडीवर कुठली भागायला! मी फोटोतल्या ढोलीभोवती लाल गोल काढला, बाण काढला, खाली 'टाकीमागचा शिरीष' असं लिहिलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. तो फोटो तिथून कुठे कुठे गेला, देव जाणे.

चौथ्या दिवशी ढोली पटाशीने फोडलेली दिसली. पिलं कोणीतरी विकायला काढून नेली होती. खाली लाकडाचा भुसा आणि दोन-तीन हिरवी पिसं. मैना तारेवर बसून ओरडत होती.

मावशींनी वर पाहिलं. मग म्हणाल्या, "परवा सुनेला दाखवताना माझंच बोट सरळ झालं व्हतं, साहेब." आणि त्यांनी ते बोट दाताखाली धरलं. चांगलं जोरात.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. खिशातल्या फोनवर हात ठेवून मी एवढंच म्हणालो, "असं काही नसतं हो मावशी." घरी येऊन ग्रुपवरचा फोटो तेवढा पुसला. मला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटून कोणाची पिलं परत येत नाहीत.

पुढे त्यांचे गुडघे धरले. मुलगा आता बसू देत नाही म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मैनेचा एक फोटो मागितला. मी जवळून काढलेला, फक्त तिचाच, छापून आणून दिला. त्यांनी तो पदराने पुसला आणि निरखून पाहिला.

"झाड दिसत नाय यात. बरं केलं. कोणी माग काढला असता. तुम्ही शहाणे हाय, साहेब."

मी मान डोलावली. टेम्पो गेला. मावशी पुन्हा आल्या नाहीत, आणि सायखेडा काही लांब नाही, तरी मी अजून गेलेलो नाही.