पाठ टेकून चालवायची सायकल

मेव्हण्याने एकदा त्याला भर रस्त्यात ‘दाजी’ म्हणून हाक मारली आणि ती हाक कायमची चिकटली. दाजी खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करायचा. त्याची जाळी हत्तीने ओढली तरी करकरणार नाही, असा तिचा लौकिक. आणि तो लौकिक सांगत फिरायचा तोही दाजीच. दोन लोखंडं भेटतील तिथे वेल्डिंग, हा त्याचा बाणा. नटबोल्ट म्हणजे त्याच्या लेखी कच्च्या हाताचं काम.

मग एक दिवस शिडी घसरली आणि कंबर धरली ती धरलीच. साधी सायकल डॉक्टरांनी बंद केली. मेव्हण्याच्या स्कूटरवर मागे बसलं की प्रत्येक खड्डा मणक्यात वाजायचा. त्याचा जाळ्यांचा कारखाना नदीपलीकडे, मधे पुलाचा चढ.

“दाजी, तुम्ही आता आराम करा. कारखाना मी बघतो,” मेव्हणा म्हणाला.

बोलणं मायेचं होतं. पण स्वतःच्या बळावर तिथवर पोचता आलं नाही, तर आपला हात लोखंडापासून सुटला तो सुटलाच, हे दाजीला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून वेल्डिंगचं यंत्र घरी आणवून त्याने पडवीत एक लांबट सायकल जुळवली. पेडल पुढे, माणूस मागे रेललेला. आरामखुर्चीला चाकं लावावीत तशी. सकाळी बसून पाहिलं, कंबर गप्प. आनंदाच्या भरात त्याने सीटची पाठ तिथल्या तिथे पक्की वेल्ड करून टाकली.

संध्याकाळी पुन्हा बसला, तर कळ थेट टाचेपर्यंत. पाठ कापली, जरा आडवी करून जोडली. संध्याकाळ सुखाची गेली, पण सकाळी मान अवघडली. पुन्हा कापली. कापून जोडून, जोडून कापून तो पाइप नुसता ठिगळांचा झाला.

बायको शिवणकाम करायची. तोंडातली टाचणी काढून ती दारातून म्हणाली, “अहो, चुकतंय कोण? लोखंड की कंबर?”

“कंबरच. सकाळी एक सांगते, संध्याकाळी भलतंच.”

“मग ऐका की तिचं! मी परकराला नाडी का घालते? जेवणाआधी माप एक, जेवणानंतर दुसरं.”

“लोखंडाला नाडी लावू?”

“तुम्ही लोखंडातले एवढे शहाणे, मी बापडी काय सांगणार!”

टोमणा वर्मी बसला. आपल्या हातून हलणारी वस्तू घडणं म्हणजे नावाला बट्टा. पण सकाळी उठून त्याने वेल्डिंग कापलं ते परत जोडलं नाही. सीटच्या पाठीला बुडाशी फाटकाची जाड बिजागरी बसवली. मागे दोन्ही बाजूंना पाइपात पाइप सरकता ठेवला, ओळीने आरपार भोकं पाडली आणि दोन खिळी केल्या. खीळ काढायची, पाठ हवी तशी सरकवायची, दुसऱ्या भोकात खीळ घालायची. पाइप खुळखुळला तेव्हा त्याचा जीव कासावीस झाला. बायकोने जुन्या ट्यूबची पट्टी आत गुंडाळून दिली.

तो निघाला तेव्हा मेव्हणा स्कूटर घेऊन मागोमाग आला, पडलाच तर उचलायला. सपाट रस्त्यावर दाजी पाण्यातून नाव जावी तसा गेला. पुलाच्या तोंडाशी मात्र पाय भरून आले, सायकल डुगडुगली.

“थांबा दाजी, ढकलतो!”

“हात तर लावून बघ!”

दाजी उतरला. सावकाश खिळी काढल्या, पाठ उभी केली, खिळी घातल्या. आता जोर लावायला टेका मिळाला. चढ संपेतो घामाने सदरा भिजला, पण कंबर ओरडली नाही.

कारखान्याशेजारचा पंक्चरवाला हातातलं टायर सोडून बघत राहिला. “काय रे, झोपून आलास?”

“झोपून निघालो, बसून पोचलो.”

शटर उचलायला मेव्हणा पुढे झाला. दाजीने त्याला अडवलं नाही. वाकणं अजून जमत नव्हतं. आत जाऊन त्याने अर्धवट राहिलेल्या जाळीवरची धूळ फुंकली.

“तू जा आता,” तो म्हणाला. “संध्याकाळी माझा मी घरी येईन. फक्त शटर पाडायला ये.”