पाणीमामा आणि कोमट पाणी

पाणीमामांना कोणाच्याही घरात शिरल्या शिरल्या हात पुढे करायची सवय होती, आणि तोही उलटा. चहा घेतील न घेतील, पण आधी ओट्याशी जाऊन नळ सोडणार आणि धारेखाली हाताची मागची बाजू धरणार. तळव्याला घट्टे पडलेत, तो काय कपाळ सांगणार, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी ते गिरणीच्या रंगखात्यात होते. हौदातलं पाणी किती तापलंय हे तिथे ते हातानेच ओळखायचे. गिरणी बंद पडली आणि मामा आमच्या करी रोडच्या चाळीचे नळवाले झाले. चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, तेव्हा टाक्या, पंप, गच्चीची चावी सगळं पुन्हा त्यांच्याकडेच गेलं.

टॉवरमध्ये आल्यावर त्यांनी आम्हा बायकांची शिकवणीच घेतली. रात्रभर नळात थांबलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा येतं, ते स्वयंपाकघराइतकंच कोमट. मग भिंतीमागच्या डक्टमधल्या पाइपातलं येतं, ते जरा निराळं. त्यानंतर गच्चीवरच्या टाकीतलं. थंडीत गारेगार, मे महिन्यात चटका देणारं. "आधी घराचां, मग डक्टाचां, मग टाकीचां," मामा बोटांवर मोजून दाखवायचे. "पयल्या दोन पाण्यात भांडी घासा. पिऊक तिसरां." म्हाताऱ्याला रिकामा वेळ फार, असं मी मनात म्हणायची, पण करायची तसंच.

चाळीत वाढलेल्या माणसाच्या पोटातून एक भीती काही केल्या जात नाही: पाणी जाईल. चोवीस तास नळ असूनही माझ्या घरात दोन पिंपं भरलेली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून मी बाहेरचा प्लंबर आणून पिण्याची लाइन फ्लशच्या लाइनला, म्हणजे बोअरच्या पाण्याला, गुपचूप जोडून घेतली होती. मध्ये एक कॉक. पिण्याचं पाणी गेलंच, तर निदान धुण्याभांड्याला बोअरचं मिळेल. मामांना कळलं असतं तर त्यांनी माझी बिनपाण्याने हजामत केली असती.

जानेवारीत टाक्या धुतल्या. त्या दिवशी मी कॉक उघडला आणि बंद करायला साफ विसरले. चार दिवसांत खालच्या मजल्यावरची सात वर्षांची मनू उलट्या-जुलाबांनी हॉस्पिटलात, सलाइनवर. पाठोपाठ आणखी दोन घरं. नवऱ्याच्या पोटाच्या तक्रारींमुळे आमच्याकडे पाणी उकळून पितात, म्हणून आम्ही ठणठणीत. टाक्या मामांनी उभं राहून धुवून घेतल्या होत्या, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बोट दाखवू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा घरोघर फिरत माझ्याकडे आले. ओठ घट्ट मिटलेले. नळ सोडला, हात धरला. आधी कोमट आलं, मग जरा गार झालं, आणि गारेगार व्हायच्या ऐवजी पुन्हा कोमट.

"ह्यां टाकीचां नाय," ते म्हणाले. "बोअरचां. जमिनीतलां पाणी थंडीत कोमट लागतां."

ते थेट बाथरूममध्ये गेले, वाकून कॉक शोधला आणि पिळून बंद केला. त्या उघड्या कॉकमधून बोअरचं पाणी जोराने उलटं जाऊन खालच्या घरांच्या पिण्याच्या लाइनमध्येही शिरत होतं.

"मामा, कोणाला सांगू नका ना," मी म्हणाले. आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

"मी सांगूचंय नाय. तुझां तू बघ."

त्या दुपारी त्यांनी सगळी लाइन रिकामी करून पुन्हा धुवून काढली. संध्याकाळी तळमजल्यावर सोसायटीची मीटिंग भरली. मनूचे बाबा हॉस्पिटलातून तसेच आले होते, डोळे तारवटलेले.

"माझी पोरगी डोळे उघडत नाहीये, मामा. टाकीत काय घाण ठेवलीत? उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

मामांनी खिशातून गच्चीची चावी काढून टेबलावर ठेवली. चपला शोधल्या. एक घातली, थांबले, मग दुसरी. दाराशी भिंतीला हात टेकून पुन्हा थांबले. मी ओढणीचं टोक पिळत बसले होते. ते दिसेनासे झाले, तेव्हा कुठे मी उठले.

"जोड माझ्या घरात आहे," मी म्हणाले. "कॉक मी उघडा ठेवला. मामांचा काही दोष नाही."

मनूच्या बाबांनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. देवाची कृपा, आठवड्याने मनू घरी आली. तिचे बाबा स्वतः चावी घेऊन मामांच्या खोलीवर गेले. मामांनी त्यांना चहा पाजला, चावी मात्र घेतली नाही. गावी जातो म्हणाले.

ते निघायच्या आदल्या दिवशी मी गेले. माफी कशी मागायची ते सुचेना.

"मी सांगितलं, मामा," एवढंच म्हणाले. "उशीर झाला, पण सांगितलं."

मामा ट्रंकेला दोरी बांधत होते. गाठ आवळून त्यांनी वर पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ठावक आसा गो," ते म्हणाले. "तुझ्यासाठीच तर मी दारापर्यंत हळू चलत होतंय."